उलटं लावून बघणारी बाई

चार्जर बनवणाऱ्या त्या कारखान्यात पगार घेऊन चुका करणारी माणसं बरीच होती. चुका करण्यासाठीच जिला पगार मिळत होता अशी मात्र एकच. तिला सगळे चुकीताई म्हणत. पुढे पुढे हजेरीपत्रक लिहिणाऱ्या कारकुनालाही तिचं खरं नाव आठवायला पान मागे उलटावं लागे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. नवा चार्जर तयार झाला की पहिला नमुना तिच्या टेबलावर येई. मग ती त्याला बॅटरी उलटी लावी, प्लसच्या जागी मायनस. दोन्ही तारा एकमेकींना चिकटवी. अर्ध्यात उपसून परत खुपसी. ओल्या हाताने लावी, आडवी लावी, एका हातात चहाचा कप धरून लावी. एवढं सोसून चार्जर जिवंत राहिला तर ती नुसतं “हं” म्हणे. नाही राहिला तर धूर निघे आणि ती मान वर न करता खिडकीवरच्या पंख्याचं बटण दाबी. तिचं टेबल मागच्या दाराशी, हात धुवायच्या बेसिनला लागून होतं. पायाशी वाळूची बादली आणि समोर एक तडा गेलेली फरशी. या फरशीवर एकोणीस वर्षांत चार्जरमधल्या किती सर्किट बोर्डांनी प्राण सोडले याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, पण काळे डाग बघितले की अंदाज येई.

ती आली होती सोल्डरिंगच्या कामाला. तिसऱ्याच दिवशी जेवणाची घंटा झाली, ती घाईने उठता उठता शेवटचा बोर्ड बॅटरीला जोडून गेली, आणि मागे फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. बाई आता घरी जाणार, असं सगळे धरून चालले. त्या वेळचा हेडमिस्त्री कमी बोलणारा माणूस होता. त्याने तिला समोर बसवून नक्की काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं की लाल तार काळीखाली अडकली होती, घंटा झाली, ओढली, जी हाताला आली ती लावली. त्याने ते सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, “हे असंच करत जा. रोज.” दुसऱ्या दिवशी तिला टेबल मिळालं. हेडमिस्त्री कधीचा निवृत्त झाला, वारलाही, पण चुकीताईच्या मते त्या कारखान्यात अक्कल असलेला तो एकच माणूस होऊन गेला.

बाकीच्यांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. डिझाइन करणाऱ्यांबद्दल तर विचारूच नका. ही माणसं कोरड्या हातांनी, चांगल्या उजेडात, पोट भरलेलं असताना एकच काम करत बसतात आणि त्यांना वाटतं सारं जग तसंच बसलेलं असतं. तिने सात डिझाइनप्रमुख बघितले होते, आणि सातही जणांनी तिला तोच प्रश्न विचारला होता, की मुळात बॅटरी उलटी लावेल कोण? तो विचारताना प्रत्येकाच्या ओठांवर तेच समजूतदार हसू असे. “सहसा” हा शब्द कुणी उच्चारला की तिच्या अंगाची लाहीलाही होई. सहसा कुणी असं करत नाही. सहसा आधी बटण बंद करतात. सहसा, म्हणे.

मात्र, ज्यांच्यासाठी ती हे सारं करत होती त्यांच्याबद्दलही तिला काही उमाळा होता असं नाही. उलटी बॅटरी लावणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभा असे. पेंगुळलेला, डोक्यात घरचं भांडण, हात ओले, लक्ष भलतीकडे. त्याला ती वेंधळा म्हणे. “वेंधळ्याला हे दिसणार नाही,” ती डिझाइनवाल्यांना सुनावी. “वेंधळा हे ओढणार म्हणजे ओढणार.” थोडक्यात, एका बाजूला शहाणे मूर्ख आणि दुसऱ्या बाजूला साधे मूर्ख, आणि मधल्या टेबलावर आपण, अशी तिची जगाची मांडणी होती. त्यात ती सुखी होती.

आठवा डिझाइनप्रमुख आला तो मालकीणबाईंचा भाचा. लगेच त्याला भाचेसाहेब हे नाव पडलं. मोठं शिक्षण घेऊन आलेला, बोलायला मऊ, कुणाशीही आवाज न चढवणारा. चुकीताईला हे जड गेलं. उर्मट माणसाला उडवून लावता येतं, सौजन्याला धरायचं कुठून? पहिल्याच आठवड्यात तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला की ताई, तुमचा अनुभव फार मोलाचा आहे. तिने ओळखलं, आता आपलं टेबल हलणार. मोलाचा अनुभव हे शब्द माणसाला उचलून बाजूला ठेवतानाच वापरतात.

आणि तसंच झालं. आता सगळ्या चाचण्या संगणकावरच होणार होत्या, आणि मागच्या दाराजवळच्या जागेत मीटिंगसाठी काचेची खोली व्हायची होती. तडा गेलेली फरशी कुणीतरी भंगारात टाकली. चुकीताईला पॅकिंगला पाठवलं.

त्याच सुमाराला मोठं काम आलं. फरशी घासायची हातमशीनं असतात, खाली गोल ब्रश आणि वर लांब दांडा, त्यांच्या लिथियम बॅटऱ्या भरण्यासाठी भिंतीवर लावायचे खोके हवे होते. बॅटरी विटेएवढी, दोन्ही टोकांना पितळेची एकेक पट्टी, आणि अंगाने अशी सारखी की कुठूनही धरा, खाचेत बसतेच. अशा हजारो बॅटऱ्या आधीच वापरात होत्या, त्यामुळे त्यांचा आकार बदलणं कुणाच्या हातात नव्हतं. आजवर कंत्राटदाराचा माणूस बॅटऱ्या गोळा करून न्यायचा आणि भरून आणून द्यायचा. आता जिथे काम तिथेच खोके लागणार होते. पहिले खोके एका मोठ्या बसस्थानकाच्या सफाई विभागात जायचे होते.

भाचेसाहेबांनी खोका बनवला आणि काचेच्या खोलीत सगळ्यांना बोलावून दाखवला. चुकीताई बाहेर चिकटपट्टीचं रीळ हातात घेऊन उभी राहिली. तो समजावून सांगत होता की वाटेत एक छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवला आहे, दारावरच्या पहारेकऱ्यासारखा. दारापाशी विजेचा दाब सुलट दिसला तर तो दार उघडतो, उलटा दिसला तर बंद ठेवतो. मग त्याने बॅटरी उलटी बसवली, खोक्याची पिन भिंतीत खोचली, आणि काहीही झालं नाही. धूर नाही, वास नाही. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. त्याने पिन काढली, पुन्हा बॅटरी उलटी बसवली, पुन्हा पिन खोचली. पुन्हा टाळ्या.

काचेबाहेर चुकीताई गालातल्या गालात हसली. प्रत्येक वेळी हा गडी आधी पिन काढत होता, मग बॅटरी लावत होता, मग पिन खोचत होता. पाळण्यात बाळ ठेवावं तशी बॅटरी ठेवत होता. कोण करतं असं?

जेवणाच्या सुट्टीत तिने पॅकिंगच्या ढिगातला एक खोका घेतला, पिन खोचली आणि ती काढायचं नावच घेतलं नाही. सुलटी बॅटरी बसवली, हिरवा दिवा लागला. घासभर भाकरी खाल्ली. मग बॅटरी उपसली, हातातल्या हातात फिरवली आणि लगेच परत बसवली. टप्प् असा आवाज झाला, जळक्या रोगणाचा वास सुटला, आणि बॅटरीची पट्टी एवढी तापली की तिने ती फडक्याने धरून ओढून काढली.

पुठ्ठ्याच्या झाकणावर तो मेलेला बोर्ड घेऊन ती काचेच्या खोलीत गेली आणि भाचेसाहेबांच्या वहीवर ठेवला. तिला विद्युतशास्त्र शिकवलेलं नव्हतं, पण पहारेकऱ्याचं काय चुकलं ते तिला कळलं होतं. खोका चालू असला की सुलटा दाब खोक्याचाच असतो. त्याच्या जोरावर दार आधीच सताड उघडं. मग उलटी बॅटरी आली तरी पहारेकरी बघतोय कुठे? तो आपला मालकाच्याच तोंडाकडे बघून सलाम ठोकतोय.

भाचेसाहेबांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला. त्याचे कान लाल झाले. तिने सांगितलेलं सगळं त्याने मान्य केलं, तिथे तो अडला नाही. पण शेवटी तो म्हणाला, “ताई, हे तुम्ही मुद्दाम केलंत. मुद्दाम केलेल्या गोष्टीला चूक म्हणत नाहीत.”

एकोणीस वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिने पुठ्ठ्याचं झाकण उचललं आणि पाय आपटत ती पॅकिंगला परत गेली.

मालकीणबाईंनी निवाडा दिला. माल देण्याची तारीख हलणार नव्हती. खोक्यावर एक स्टिकर लावायचं, लालला लाल आणि काळ्याला काळं असं लिहून, आणि सोबत सूचनांची घडीपत्रिका द्यायची. स्टिकर चिकटवायचं काम पॅकिंगचं, म्हणजे चुकीताईचं. दिवसभर ती स्टिकरं चिकटवत बसली. ज्याला वाचायला वेळ आहे तो उलटं लावत नाही आणि जो उलटं लावतो त्याला वाचायला वेळ नाही, एवढं साधं यांना समजू नये. प्रत्येक स्टिकर ती अंगठ्याने असं दाबत होती जणू कुणाचं तोंड दाबते आहे.

घरी तिचा नवरा म्हणजे सूचना वाचण्यासाठीच जन्माला आलेला माणूस. नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेला. घरात मिक्सर आला तेव्हा त्याने दोन दिवस तो सुरू करू दिला नव्हता, कारण पुस्तिकेची शेवटची चार पानं राहिली होती. तिने घडीपत्रिका त्याच्यापुढे टाकली. हे तुमच्यासारख्यांसाठीच छापलंय, म्हणाली. त्याने चष्मा पुसून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, पेन्सिलीने तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि घडी घालून परत दिली.

“चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “पण हे वाचायला बसायचं कुठे? काम करणाऱ्यांच्या खोलीत खुर्ची असते का?”

 खुर्ची असते की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मालकीणबाईंकडे गेली. सगळा माल जायच्या आधी सहा खोके आठ दिवस बसस्थानकात लावून बघा, एवढंच तिचं मागणं होतं. मी काही करणार नाही, तिने सांगितलं, मी तिथे जाणारही नाही. म्हणजे मुद्दाम केलं असं कुणाला म्हणता येणार नाही. भाचेसाहेबांनी तर आनंदाने होकार दिला. त्याची त्या स्टिकरवर श्रद्धा होती. सोमवारी सकाळी सहा खोके भिंतीवर लागले.

गुरुवारी दुपारी फोन आला. सहातले चार गेले होते. एकाची तार वितळून भिंतीवर काळा ओघळ उमटला होता आणि एका बाईच्या बोटाला चटका बसला होता. लगेच या.

माल पोचवायच्या गाडीत दोघं शेजारी बसली. भाचेसाहेब खिडकीबाहेर बघत होता. चुकीताईच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. बोटाला चटका बसलेल्या बाईबद्दल तिला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण ते दुसऱ्या नंबरावर होतं. पहिल्या नंबरावर भाचेसाहेबांना ऐकवायची वाक्यं होती. ती तिने क्रमाने लावून ठेवली. सौम्य आधी, झोंबणारं शेवटी.

सफाईवाल्यांची खोली जिन्याखाली होती. वाकून आत जावं लागे. एका भिंतीला लाकडी बाक, दुसरीला खोके, आणि त्या खोक्यांचं बटण एका जड कपाटाच्या मागे, जिथे हात पोचणंच शक्य नव्हतं. ते बंद करायचा प्रश्नच येत नव्हता. खुर्ची एकही नाही. पण चुकीताईच्या नजरेत भरलं ते दुसरंच. ओले हातमोजे दोरीवर मापाप्रमाणे लावलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. प्रत्येक पुसण्याच्या दांड्यावर आकडा. बादल्या एकीत एक घालून, कड्या सगळ्या एकाच दिशेला. फरशी अशी की तिने नकळत चपला दाराबाहेर काढल्या.

मुकादमीण पुढे आली. सुकलेल्या अंगाची, पांढरे केस जाळीत बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात. भाचेसाहेबांनी आधी चटका बसलेल्या बाईची चौकशी केली, मग हळूच विचारलं की बॅटरी उलटी कुणी लावली?

“मी,” मुकादमीण म्हणाली. “म्हणजे मी सांगितली, चौघींनी लावली. उलटी कशाला म्हणता, मला कळलं नाही.”

चुकीताईने तिच्याकडे नीट पाहिलं. एकोणीस वर्षं जो वेंधळा तिच्या डोळ्यांसमोर उभा होता, त्याच्याशी या बाईचं काडीचंही नातं दिसेना.

मुकादमिणीने मग एक ब्रश आणला आणि ती सांगायला लागली. मशीनमध्ये बॅटरी कशीही बसते. एकीकडून बसवली तर ब्रश उजवीकडे फिरतो, दुसरीकडून बसवली तर डावीकडे. फरशी दोन्हीकडून तेवढीच स्वच्छ निघते. पण ब्रश एकाच दिशेने फिरत राहिला तर त्याचे दात एका अंगाला लोळतात आणि महिन्याभरात तो फेकायचा. म्हणून तिने नियम घालून दिला होता. सोमवार ते बुधवार एका बाजूने, गुरुवारपासून दुसऱ्या. तेव्हापासून ब्रश तीन तीन महिने टिकत होते. सकाळची पाळी संपली की बायका रांगेने येतात, मशीनमधून बॅटरी जशी निघाली तशीच, हात न फिरवता, खोक्यात सरकवतात. आज गुरुवार होता. पहिल्या चौघींनी एकदमच सरकवल्या, आवाज झाला तशी तिने मागच्या दोघींना थांबवलं.

“आणि तो कागद?” भाचेसाहेबांनी विचारलं. “स्टिकर? ते वाचलं नाहीत का?”

“दोनदा वाचलं. लालला लाल म्हणता.” तिने एक बॅटरी उचलून त्याच्या हातात दिली. “यावर लाल कुठंय, दाखवा.”

नव्हतंच. फरशी धुवायच्या तेजाबी पाण्याने रंग केव्हाच खाल्ला होता. दोन्ही टोकांना सारखंच मळकट पितळ. अधिकउण्याची खूण होती ती तळाला, नखाएवढी, आणि तीही झिजलेली. भाचेसाहेबांनी ती नखाने खरवडून बघितली.

मग मुकादमीण चुकीताईकडे वळली आणि तुम्ही कोण, असं विचारलं. चुकीताईने सांगितलं की लोक चुकीचं कसं लावतात ते बघणं हे माझं काम. एरवी हे वाक्य ती छाती पुढे काढून म्हणायची. इथे ते तोंडातून निघताना जरा लंगडलं.

“चुकीचं कोण लावतंय?” मुकादमीण म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात असा काही तुसडेपणा होता की चुकीताईला आरशात बघितल्यासारखं झालं. “तुम्ही हे मशीन कधी हातात धरलंय का?”

धरलं नव्हतं. एकोणीस वर्षांत तिने आपल्या चार्जरवर भरलेल्या बॅटऱ्यांचं पुढे काय होतं ते एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. तिने ओल्या हाताने लावलं होतं, पेंगत असल्याचं सोंग करून लावलं होतं, पण कुणी पूर्ण शुद्धीत, चांगल्या कारणासाठी, विचार करून उलटं लावेल हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही. भाचेसाहेब म्हणत होता की उलटं कुणी लावणारच नाही. ती म्हणत होती, मूर्ख लावतील. आणि इथे जिन्याखाली बसलेल्या या बाईने, दोघांपेक्षा जास्त डोकं चालवून, वेळापत्रक आखून उलटं लावलं होतं. गाडीत जुळवून ठेवलेली वाक्यं आता कुचकामी झाली. त्यातलं झोंबणारं तर तिचं तिलाच झोंबलं.

तोवर भाचेसाहेब चांगल्या पॅंटची पर्वा न करता फरशीवर उकिडवा बसला होता आणि ब्रशच्या दातांवरून बोट फिरवत मुकादमिणीला काय काय विचारत होता. पाणी किती असतं, दिवसातून किती वेळा बॅटऱ्या बदलतात, हातमोजे घालून की काढून. चुकीताईला त्याचाही राग आला. निदान खजील होण्यात तरी याने आपल्यापुढे जायला नको होतं.

परतीच्या वाटेत तो एवढंच म्हणाला की मी इथे आधी यायला हवं होतं. तिने खिडकीबाहेर बघत “मीपण” म्हटलं, ते त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

पुढचे तीन आठवडे मालकीणबाई कुणाशी धड बोलल्या नाहीत, कारण तारीख हुकली होती. भाचेसाहेब रोज पॅकिंगच्या खोलीत येऊ लागला. पहिला नवा बोर्ड त्याने दोन स्विच लावून आणला, एक सुलटा आणि एक उलटा, आणि सोबत एक छोटी टेहळणी चिप, जी दार उघडण्याआधी बॅटरीच्या बाजूचा दाब बघेल, खोक्याच्या नाही. चुकीताईने सुलटी-उलटी बॅटरी झपाझप बदलून तो मारला, टेहळणीला बघायलाच उसंत न देता. त्याने टेहळणी आणखी चपळ केली. दुसरा बोर्ड उलट्या बॅटरीला पुरून उरला, पण तिने ओला स्पंज दोन्ही पट्ट्यांवर आडवा टाकला तेव्हा तारा तापल्या. मग त्याने फ्यूज घातला. तो उडाला, तारा वाचल्या, आणि तो खूश झाला.

“आणि हा बदलायला कोण जाणार?” तिने विचारलं. “जिन्याखाली वाकून, कपाटामागे हात घालून?”

त्याने तो काढून दुसऱ्या जातीचा फ्यूज लावला, जो तापला की प्रवाह रोखतो आणि थंड झाला की आपोआप पूर्ववत होतो. चौथा बोर्ड तिने सकाळी नऊला हातात घेतला. उलटी लावली, सुलटी काढून उलटी लावली, पट्ट्यांवर चमचा ठेवला, पाणी टाकलं, पिन हलवत ठेवून लावली, दोन बॅटऱ्या एकदम ठोसून बघितल्या. दरवेळी तांबडा दिवा लागे आणि बाकी शांत. संध्याकाळी पाचला तिने तो टेबलावर ठेवला तेव्हा तिचा चेहरा पडला होता. दिवसभरात तिला नाक मुरडायला एकही जागा सापडली नव्हती.

“हं,” ती म्हणाली.

भाचेसाहेबांना त्या “हं”चा अर्थ कुणीतरी आधीच सांगितला असावा, कारण तो लगेच बोर्ड उचलून गेला. तिचं जुनं टेबल काही तिला परत मिळालं नाही, काचेची खोली काचेचीच राहिली. पॅकिंगच्या खोलीत खोक्यांच्या थप्पीमागे तिला एक कोपरा मिळाला, पंख्याशिवाय. धूर झाला की सगळं पॅकिंग खोकत बाहेर पळे. चार दिवसांत पंखाही आला.

खोके लावायला दोघं पुन्हा बसस्थानकात गेली. या वेळी चुकीताईने आधी कपाट हलवायला लावलं आणि मगच खोके भिंतीवर चढू दिले. मुकादमिणीने सगळ्यांच्या देखत बॅटरी सरकवली. तांबडा दिवा लागला. तिने काढून फिरवली, परत सरकवली, हिरवा लागला. हे तिने सहाही खोक्यांवर केलं, चष्म्यातून दिव्याकडे असं बघत की जणू दिवा खोटं बोलतोय.

“बरंय,” ती म्हणाली. “आमच्या मशीनला मात्र असले चोचले नाहीत.”

भाचेसाहेबांनी उत्साहाने सांगितलं की पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंनी भरून घेणारा खोका बनवतो, तशी जोडणी करता येते, आराखडा डोक्यात तयार आहे. मुकादमीण “बघू” म्हणाली. ते “बघू” इतकं कोरडं होतं की चुकीताईला त्याचा हेवा वाटला.

दुपारची पाळी सुरू व्हायला थोडा वेळ होता. चुकीताई दाराशी घुटमळली. मग तिने, इकडे तिकडे बघत, मशीन जरा चालवू द्याल का असं विचारलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मुकादमिणीने न हसता दांडा तिच्या हातात दिला आणि फलाटावर नेऊन उभं केलं.

बटण दाबताच मशीनने तिला उजवीकडे ओढून नेलं आणि एका बाकावर आदळलं. तिने ते मागे खेचलं तर ते जागच्या जागी फिरलं. तिने ढकललं, त्याने तिला ढकललं.

“ढकलू नका,” मुकादमीण म्हणाली. “नुसतं धरा. ते जातं आपलं आपण.”

चुकीताईने हात सैल सोडले आणि ती दात ओठ खात मशीनमागून चालत फलाटाच्या टोकापर्यंत गेली. घाम पुसून तिने मागे वळून बघितलं. घासलेला पट्टा नागमोडी गेला होता, मध्ये दोन ठिकाणी कोरडाच राहिला होता. मुकादमिणीने तिच्या हातून दांडा घेतला, मशीन वळवलं, आणि तोच पट्टा पहिल्यापासून पुन्हा घासायला घेतला.